गिअरच्या संगणकातील दोष कसा ओळखावा

सोनाळा हे बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्याचे, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले गाव होय. उत्तरेस अंबाबरवा अभयारण्याचे डोंगर आणि दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन, यांच्यामध्ये कपाशी, सोयाबीन, तूर व संत्रा ही पिके घेणारा शेतकरी येथे राहतो. एके काळी त्याचे वाहन म्हणजे बैलगाडी. तिचा आस मोडला तर गावचा सुतार दुसरा घडवून देई. पुढे जीप आली, ट्रॅक्टर आला; त्यांच्या गिअरपेटीत काय बिघडले ते जुना मिस्त्री नुसत्या आवाजावरून सांगत असे. अलीकडे मात्र क्लचचे पेडल नसलेल्या लहान मोटारी खेड्यापाड्यांतून दिसू लागल्या आहेत. मारुती सुझुकीची सेलेरियो फेब्रुवारी २०१४ मध्ये बाजारात आली, तेव्हापासून या प्रकारच्या स्वस्त मोटारींचा आपल्या देशात प्रसार झाला. अशा मोटारीत गिअर बदलण्याचे काम चालक करीत नाही. ते एक छोटा संगणक करतो, आणि तो बिघडल्याचा आवाज कोणत्याही मिस्त्रीच्या कानाला ऐकू येत नाही.

या संगणकाची किंमत कित्येक हजार रुपये असते. त्याहून वाईट गोष्ट अशी की, तो बदलूनही पुष्कळ वेळा मोटार पूर्ववत होत नाही. दोष दुसरीकडेच असतो आणि एकदा जोडलेला विद्युत्‌ भाग दुकानदार बहुधा परत घेत नाही. म्हणून संगणकाला दोषी ठरविण्यापूर्वी कोणत्या क्रमाने तपासणी करावयाची, हे वाहन बाळगणाऱ्या शेतकऱ्यास ठाऊक असणे अगत्याचे आहे. तपासणीचे सर्वच काम त्याने स्वतः करावे असे नव्हे. परंतु गॅरेजमध्ये काय विचारावे एवढे तरी त्यास कळले पाहिजे.

संगणकाचे काम

वर सांगितलेल्या प्रकारच्या मोटारीत गिअरपेटी आणि क्लच नेहमीचेच असतात. फरक इतकाच की, क्लच दाबण्याचे व गिअर पाडण्याचे काम पायाने आणि हाताने न होता विजेच्या मोटारीने, किंवा विजेच्या पंपाने दाबलेल्या तेलाने होते. या तेलाचा प्रवाह विजेवर उघडझाप करणाऱ्या लहान झडपांतून सोडला जातो. क्लच कोठे आहे, कोणता गिअर पडला आहे, आतील दांडा किती वेगाने फिरतो आहे, ब्रेक दाबला आहे की नाही, हे सांगणारे निरनिराळे सेन्सर असतात. त्यांचे संकेत तारांवाटे संगणकाकडे जातात. संगणक हिशेब करतो आणि झडपांना हुकूम सोडतो.

बैलगाडीचा दाखला येथे चांगला लागू पडतो. गाडीवान डोळ्यांनी वाट पाहतो, मनाशी विचार करतो आणि कासरा ओढतो. बैल वळला नाही तर त्याची कारणे अनेक संभवतात. गाडीवानाच्या डोळ्यांत धूळ गेली असेल, कासरा तुटला असेल, बैल लंगडत असेल, किंवा गाडीवानाला दिवसभर अन्न मिळाले नसेल. गाडीवानाचे डोकेच फिरले, असे कोणी प्रथम म्हणत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र प्रथम नेमके तेच म्हटले जाते. सेन्सर हे डोळे, तारा हा कासरा, झडपा व क्लच हे बैल आणि बॅटरी हे अन्न, असे मनात धरून चालले म्हणजे तपासणीचा क्रम आपोआप ठरतो: आधी अन्न, मग कासरा, मग डोळे व बैल, आणि सर्वांत शेवटी गाडीवान.

समजा, सोनाळ्यातील एका संत्रा बागाईतदाराजवळ अशी मोटार आहे. पावसाळ्यातील एका सकाळी घरच्या आजारी माणसास घेऊन तो शेगावकडे निघतो. अर्ध्या वाटेवर फलकावर पिवळा दिवा लागतो, गिअरचा अंक लुकलुकू लागतो आणि मोटार एकाच गिअरमध्ये अडकून बसते. थांबवून पुन्हा चालू केली की ती चालते. चार-सहा किलोमीटर गेल्यावर पुन्हा तेच. गॅरेजमध्ये स्कॅनर लावून ‘गिअरचा संगणक गेला, नवीन मागवावा लागेल’ असे त्यास सांगण्यात येते. या बागाईतदाराने काय करावे?

प्रथम बॅटरी

त्याने प्रथम बॅटरी पाहावी. रात्रभर उभ्या असलेल्या मोटारीची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर मीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात. १२.४ दिसल्यास ती साधारण तीन-चतुर्थांश भरलेली आणि १२.२ दिसल्यास अर्धीच भरलेली समजावी. इंजिन सुरू करताना, स्टार्टर फिरत असता, दाब ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. तो आठ-नऊवर घसरत असल्यास बॅटरी जुनी झाली आहे. इंजिन चालू असता बहुतेक मोटारींत १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळतात.

या आकड्यांना महत्त्व देण्याचे कारण असे की, दिवे लागण्यास व हॉर्न वाजण्यास थोडी कमजोर बॅटरीही पुरते, परंतु संगणकास ती पुरत नाही. दाब खाली गेला म्हणजे तो मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतो, पंप पुरेसा दाब देत नाही, आणि मग न घडलेले दोष त्याच्या स्मृतीत नोंदले जातात. पेरणीच्या दिवसांत मोटार पंधरा-वीस दिवस एकाच जागी उभी राहते. त्यानंतर पहिल्याच दिवशी दिवा लागला, तर बॅटरी भरून, नोंदी पुसून पुन्हा पाहावे. पुष्कळदा प्रकरण तेथेच मिटते.

अर्थची तार

बॅटरीच्या ऋण टोकापासून मोटारीच्या सांगाड्याला व इंजिनला जाणाऱ्या जाड तारेस मिस्त्री ‘अर्थ’ म्हणतात. ही तार बॅटरीच्या तबकाखाली वा गिअरपेटीच्या बोल्टला कसलेली असते. पावसाळ्यात तेथे चिखल बसतो, बॅटरीतील आम्लाचा अंश उतरतो, बोल्टखाली गंज चढतो. वरून पाहिले तर तार जागेवर असते, म्हणून तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही.

ही तार मीटर लावून तपासता येते. मीटर व्होल्टवर ठेवावा, त्याचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीस व दुसरे संगणकाच्या अर्थच्या जोडणीस लावावे आणि मोटार चालू करून दिवे, पंखा व पंप चालू स्थितीत असता आकडा वाचावा. जोडणी निकोप असेल तर तेथे जवळजवळ शून्य, फार तर ०.१ व्होल्ट दिसतो. त्याहून अधिक दिसेल तेवढा दाब वाटेतच गंजात खर्च होत आहे असे समजावे. ही चाचणी वीज वाहत असतानाच करावयाची असते. बंद मोटारीत तीच तार निर्दोष भासेल.

वर उल्लेखिलेल्या बागाईतदाराच्या मोटारीत हा आकडा, पंप चालू होताक्षणी, ०.०५ वरून एकदम दीड व्होल्टवर जातो असे समजा. मग संगणक नवीन घालूनही काय होणार? नव्या संगणकासही तेच उपाशीपोटी काम करावे लागेल. बोल्ट काढून, तारेचे टोक व खालचा पत्रा ब्रशने चकचकीत घासून, पुन्हा घट्ट कसून वर ग्रीसचा हात फिरविणे, एवढ्यावर हे काम भागते. मोटार खड्ड्यांतून जाताना बिघडते व थांबवून चालू केली की सुधारते, या लक्षणाचाही उलगडा त्यातूनच होतो.

अर्थबरोबर संगणकास वीज पुरविणारे फ्यूज व रिलेही तपासावेत. फ्यूज नुसता डोळ्यांनी पाहून भागत नाही. बारीक चीर गेलेला फ्यूज साबूत दिसतो.

येथे मीटरच्या एका मर्यादेचा उल्लेख केला पाहिजे. दहा-वीस धाग्यांची तार कुरतडली जाऊन तिचा एकच धागा शिल्लक राहिला, तरी मीटर तिच्यावर पूर्ण १२ व्होल्ट दाखवितो, कारण त्यास वाचण्यापुरती वीज एका धाग्यातूनही मिळते. यासाठी इग्निशन बंद करून संगणकाची जोडणी सोडवावी, वायरिंगच्या बाजूच्या धन व अर्थ या दोन पिनांमध्ये इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडावा आणि मग चावी फिरवावी. बल्ब लख्ख लागला तर तारा भार वाहण्यास समर्थ आहेत. मंद लागला तर दोष तारेत आहे. मात्र हा बल्ब केवळ पुरवठ्याच्या पिनांनाच लावावा. संकेताच्या तारांना बल्ब लावल्यास त्यातून ओढली जाणारी वीज चांगल्या संगणकालाही जाळू शकते.

स्कॅनर काय सांगतो

आपल्या देशात नव्या मोटारींना दोष नोंदविणारी सविस्तर व्यवस्था एप्रिल २०१३ पासून सक्तीची आहे. चालकाच्या गुडघ्यावरच्या बाजूस, फलकाखाली, १६ पिनांची एक जोडणी असते. तेथे स्कॅनर लावून या नोंदी वाचता येतात. प्रत्येक नोंदीस एक अक्षर व चार आकडे असे सांकेतिक नाव असते.

सर्वाधिक गैरसमज ‘पी ०७००’ या नोंदीने होतो. गिअरच्या संगणकाने इंजिनच्या संगणकाकडे ‘माझ्याकडे काही तक्रार आहे’ असे कळविले, एवढाच तिचा अर्थ. तक्रार कोणती, ते गिअरच्या संगणकाच्या स्वतःच्या स्मृतीत असते. फिर्याद एका चावडीत दाखल व्हावी आणि तिचा कागद दुसऱ्या चावडीत असावा, तसा हा प्रकार आहे. स्वस्त स्कॅनर केवळ इंजिनचीच चावडी उघडू शकतो. म्हणून ‘पी ०७००’ वरून संगणक गेला असे सांगणाऱ्यास, ‘गिअरच्या संगणकातील नोंद वाचली काय?’ हा प्रश्न अवश्य विचारावा. वाचली नसेल तर तो स्कॅनर असलेल्या दुसऱ्या ठिकाणी मोटार न्यावी.

‘पी ०७१५’ ही आतील दांड्याच्या वेगाच्या सेन्सरविषयीची व ‘पी ०७२०’ ही बाहेरील दांड्याच्या वेगाच्या सेन्सरविषयीची नोंद आहे. ‘पी ०५६२’ म्हणजे दाब कमी. या नोंदी संगणक स्वतःविषयी करीत नसून इतरांविषयी करीत असतो. तक्रार करणारा शुद्धीवर आहे याचाच त्या पुरावा होत. याउलट ‘पी ०६०१’, ‘पी ०६०४’ व ‘पी ०६०५’ या नोंदी स्मृतीतील दोषाच्या आहेत, आणि ‘पी ०६१३’ ही गिअरच्या संगणकाच्या गणकयंत्राविषयीची आहे. या नोंदी बॅटरी व अर्थ निर्दोष केल्यावरही पुनःपुन्हा येत असतील, तर संशय संगणकावरच घ्यावा लागतो.

नोंदी पुसण्यापूर्वी त्या लिहून घ्याव्यात. नोंद झाली तेव्हा वेग, तापमान व दाब किती होता, हेही बहुतेक स्कॅनर दाखवितात. पुष्कळ ठिकाणी प्रथम नोंदी पुसून टाकण्याची घाई केली जाते, आणि त्याबरोबर एकमेव साक्षीदारही नाहीसा होतो.

संगणक बोलतच नसेल तर

‘यू ०१०१’ ही नोंद असेल, म्हणजे गिअरच्या संगणकाशी बोलणेच होत नसेल, तर दोन शक्यता राहतात: तो मेला आहे, किंवा त्याच्यापर्यंतची वाट बंद आहे. मोटारीतील संगणक एकमेकांना पिळलेल्या दोन तारांवरून निरोप पाठवितात. ही पद्धत जर्मनीतील बॉश कंपनीने १९८६ मध्ये प्रसिद्ध केली व ती आज सर्वत्र रूढ आहे. या तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो. दोन्ही समांतर जोडलेले असल्यामुळे बाहेरून मोजता ६० ओहम भरतात. बॅटरीची तार सोडवून, काही मिनिटे थांबून, १६ पिनांच्या जोडणीतील ६ व १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये रोध मोजावा. ६० च्या आसपास भरल्यास वाट शाबूत आहे. १२० भरल्यास एक टोक तुटले आहे, आणि शून्याजवळ भरल्यास दोन्ही तारा एकमेकींस चिकटल्या आहेत. काही मोटारींत ही जोडणी मधल्या एका संगणकावाटे जाते. तेथे निर्मात्याच्या पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा.

वाट शाबूत, वीज बल्बसह पोचते, अर्थ निर्दोष, आणि तरीही संगणक मुका, अशी स्थिती असेल तर तो गेला असे म्हणण्यास हरकत नाही.

उंदीर, पाणी व उन्हाळा

सोयाबीन घरात आले की शेतातील उंदीरही त्यामागोमाग घरात येतात. पोत्यांच्या थप्पीशेजारी मोटार उभी असेल, तर रात्री उबदार इंजिनवर त्यांचा मुक्काम पडतो आणि तारांची वेष्टने कुरतडली जातात. तपासणीच्या वेळी वायरिंगचे वेष्टन जागोजागी उघडून पाहावे. लेंड्या, भुशाचे कण किंवा कपाशीचा कापूस दिसल्यास शोध तेथेच सुरू करावा. मोटार धान्याच्या कोठारापासून दूर ठेवणे हाच खरा उपाय होय. इंजिनच्या खणात विषारी आमिष ठेवू नये. मेलेला उंदीर वायरिंगमागे कुजतो, आणि आमिष खाली सांडल्यास कोंबड्या व कुत्री ते खातात.

नाल्याच्या पाण्यातून मोटार घातली किंवा फवाऱ्याच्या जोराच्या झोताने इंजिन धुतले, तर पाणी जोडण्यांत शिरते. पिनांवर हिरवट पूड दिसली की हे समजते. रॉकेल वा तेल न ओतता विजेच्या जोडण्या साफ करण्याचा फवारा वापरावा व पिना कोरड्या कराव्यात. जाड सुई खुपसून पिनांची तोंडे रुंद करू नयेत. त्याने नवाच दोष उत्पन्न होतो.

उष्णतेचा प्रश्न अधिक अवघड आहे. वऱ्हाडातील वैशाखात मोटार अर्धा तास चालून बिघडते आणि थंड झाल्यावर सुधारते, अशी तक्रार असेल, तर संगणकातील डाकाचा सांधा तडकला असण्याचा संभव असतो. परंतु तापलेला सेन्सर, तापलेली रिले आणि घसरून तापलेला क्लच हेही असेच वागतात. चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवरच मोटार तोलून धरण्याची सवय असेल, तर क्लचच तापला असणार. निर्णय करण्याची रीत ही: बिघाड चालू असतानाच स्कॅनरवर सेन्सरचा आकडा पाहावा आणि त्याच वेळी संगणकाच्या पिनेवर तोच संकेत उपकरणाने मोजावा. पिनेपर्यंत संकेत पोचत नसेल तर दोष सेन्सरचा वा तारेचा. पिनेवर संकेत व्यवस्थित पोचत असून संगणक तो शून्य दाखवीत असेल, तरच दोष संगणकाचा. त्याचप्रमाणे स्कॅनरने झडप उघडण्याचा हुकूम दिला, झडपेचा रोध पुस्तिकेप्रमाणे भरला, तार अखंड निघाली, तरीही पिनेतून वीज बाहेर येत नसेल, तर हाही संगणकाविरुद्धचा पुरावा होय.

ब्रेकच्या पेडलवरील स्विच ही किरकोळ वस्तू विसरू नये. अशा मोटारीत ब्रेक दाबल्याची खूण मिळाल्याखेरीज गिअर पडत नाही. मागचे ब्रेकचे दिवे लागत नसतील तर प्रथम तो स्विच व त्याचा फ्यूज पाहावा.

वाटेत अडकल्यास

ही मोटार ढकलून सुरू होत नाही. ती गिअरमध्ये अडकली असताना ट्रॅक्टरला दोर बांधून ओढीत नेण्याचा मोह टाळावा; पुढील चाकांवर चालणाऱ्या मोटारीची पुढची चाके उचलूनच ती न्यावी, किंवा सबंध मोटार वाहनावर चढवावी. बॅटरीस दुसऱ्या वाहनाचा आधार देताना ते वाहन १२ व्होल्टचे आहे याची खात्री करावी. मोठ्या ट्रकचे २४ व्होल्ट लावल्यास, आतापर्यंत चांगला असलेला संगणक त्या क्षणी खरोखरच जातो. मोटारीस कॅरिअर वा हूक वेल्डिंगने जोडावयाचा असल्यास आधी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडवाव्यात. हा नियम ५० अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांसही पाळावा, कारण जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या धूरनियमांमुळे त्यांच्या इंजिनांवरही संगणक आले आहेत.

संगणक बदलावाच लागला तर

सर्व पुरावा संगणकाविरुद्ध गेला, तरी प्रथम त्यातील आज्ञावली नव्याने भरून पाहण्यास सांगावे. तेवढ्याने भागले नाही तरच तो बदलावा. भंगारातून आणलेला जुना संगणक स्वस्त पडतो खरा. परंतु तो मूळ मोटारीच्या इंजिनशी व चोरीप्रतिबंधक कुलपाशी बांधलेला असल्यामुळे पुष्कळदा दुसऱ्या मोटारीत चालत नाही. नव्या संगणकासही ती मोटार कोणती हे शिकवावे लागते, आणि क्लच नेमका कोठे पकड घेतो याचे मोजमाप स्कॅनरच्या साहाय्याने करून द्यावे लागते. ही शेवटची क्रिया न केल्यास निर्दोष संगणक असूनही मोटार हिसके देते. क्लचची प्लेट बदलल्यावरही तीच क्रिया करावी लागते, हे गावच्या मिस्त्रीस सांगून ठेवावे.

त्या बागाईतदाराच्या मोटारीत केवळ अर्थची तार साफ केली गेली. तरी तिच्या संगणकाची जुनी नोंद पुसून, सोनाळ्याहून शेगावपर्यंत एक फेरी भरल्या मोटारीने व एक पावसात करावी, आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा स्कॅनर लावून नवी नोंद उमटली आहे की काय ते पाहावे. तोवर नवीन संगणकाची मागणी नोंदवू नये.